संमतीशिवाय

बस चौकात थांबली तेव्हा बाईंना समोरच्या बाकाखाली हिरवी पिशवी दिसली, आणि पुढच्या थांब्यावर त्या एक अक्षर न बोलता उतरून गेल्या. झालं ते एवढंच. पिशवी जाड कापडाची होती, तोंड दोरीने आवळलेलं, तळाशी काहीतरी चौकोनी बसलेलं. बाकावर एक म्हातारी आणि तिची नात बसली होती. नात काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने रेघा ओढत होती. दोघींचे पाय खिडकीच्या बाजूला होते, पिशवी दुसऱ्या टोकाला, आणि त्या टोकाला कुणी बसलेलं नव्हतं. हे सगळं बाईंनी नीट पाहिलं, कारण पाहण्याचाच त्यांना पगार मिळत होता. मग त्यांचे पाय उठले. वाहकाने विचारलंसुद्धा, "बाई, तुमचं ऑफिस अजून तीन थांबे पुढे ना?" त्या म्हणाल्या, "जरा काम आहे." उतरून त्या सरळ पोस्टाच्या जाड दगडी भिंतीआड गेल्या आणि तोंड किंचित उघडं ठेवून उभ्या राहिल्या. स्फोटाच्या वेळी तोंड उघडं असलं की कानाचे पडदे वाचतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटलं असेल, बिचारीला धाप लागलीय. बस डावीकडे वळली, दिसेनाशी झाली. एक मिनिट, दोन, पाच. पोस्टातून एक माणूस पाकीट चाटत बाहेर आला. काहीच झालं नाही. पिशवीत कुणाची भाजी असेल, वह्या असतील. पण बाईंना आता पिशवीची भीती वाटतच नव्हती. त्या म्हातारीच्या डोक्यावर, बसच्या पत्र्याला, एक सूचना चिकटवलेली होती: बेवारस वस्तू दिसताच वाहकाला सांगा, संकोच नको, उशीर नको. ते वाक्य चार वर्षांपूर्वी बाईंनीच लिहून दिलं होतं. सूचना मंजूर करणाऱ्या समितीला 'संकोच नको' हे शब्द फार आवडले होते.

उरलेलं अंतर त्या चालत गेल्या. गेले तीन आठवडे शहरात सगळेच असे चालत होते, भिंतीच्या कडेने, उभ्या गाड्यांपासून हातभर लांब. तीन आठवड्यांपूर्वी बोटीच्या धक्क्यावर सकाळच्या गर्दीत स्फोट झाला आणि एक्केचाळीस माणसं गेली. त्यांतला एक बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिकिटाच्या खिडकीत बसायचा, एकवीस वर्षं एकाच खिडकीत. नियमाने बाईंनी या तपासापासून दूर राहायला हवं होतं. पण नियम पाळायला दुसरं माणूस लागतं, आणि स्फोटकांच्या विभागात बाईंच्या तोडीचं दुसरं माणूस खात्यात नव्हतं. तेव्हा धक्क्यावरची माती, लाकूड, पत्रे आणि कापडं पोत्यांत भरून त्यांच्याच टेबलावर आली. नऊ दिवस त्या ती चाळत होत्या. चाळताना एकदा निळ्या शर्टाची बाही हाताला लागली. ती त्यांनी पाकिटात घातली, पाकिटावर क्रमांक टाकला आणि पुढचं पोतं उघडलं. त्या वेळी रडू आलं नाही याचं त्यांना नंतर भय वाटलं.

दहाव्या दिवशी नळी सापडली. नळी म्हणजे डिटोनेटरचं पातळ ॲल्युमिनियमचं कवच, करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं, एका बाजूने केळीच्या सालीसारखं उलगडलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गळ्याशी तीन दाबखुणा दिसल्या, मधली किंचित तिरकी. खाली पाच आकडे. अशी तिरकी खूण टाकणारं यंत्र एकच होतं, शेजारच्या देशाच्या लष्करी कारखान्यात. आकड्यांवरून माल चौदा महिन्यांपूर्वीचा. एवढं बाई डोळे मिटून सांगू शकत होत्या, आणि तसं त्यांनी अहवालात लिहिलंही होतं.

प्रयोगशाळेत उपसचिव वाट बघत बसले होते. चाळिशीचा माणूस, डोळे तांबारलेले, बुटांवर रुग्णालयाच्या आवारातली लाल माती. रोज सकाळी ऑफिसला येण्याआधी जखमींना बघून येतात, असं बाईंनी ऐकलं होतं. दिखाव्यासाठी जात असतील असं त्यांना कधी वाटलं नाही.

"अहवाल चांगला आहे," ते म्हणाले. "पण पाचव्या पानावर थांबतो. नळी त्यांच्या लष्करी कारखान्यातली, चौदा महिन्यांपूर्वीची. बरं, मग पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही."

"पुढचं सगळ्यांना माहीत आहे, बाई. फक्त कुणीतरी लिहायचं राहिलंय." त्यांनी एक टंकलेला कागद पुढे सरकवला. त्यावर एकच वाक्य होतं. 'असे साहित्य त्या देशाच्या सरकारच्या संमतीशिवाय कारखान्याबाहेर पडू शकत नाही.' "आज पाच वाजता आपली सुरक्षा परिषद बसतेय. चारपर्यंत मला हे तुमच्या सहीने हवंय."

"चोरी होऊ शकते. रखवालदार विकतो, वाहतुकीत खोकी फुटतात."

"लष्करी कारखान्यात? तुम्हाला खरंच तसं वाटतं?" त्यांनी आवाज चढवला नाही. "सात वर्षांपूर्वी बाजारात स्फोट झाला तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, त्यांचा हात असल्याची शक्यता नाकारता येत नाही. आम्ही निषेधाचं पत्र पाठवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की आम्हालाही दुःख झालं. सात वर्षं तुमचं ते वाक्य आम्ही चघळतोय. मी तुम्हाला दोष देत नाही. पण एखादा माणूस घरात साप पाळतो आणि रोज शेजाऱ्याच्या अंगणात सोडतो. शेजाऱ्याने कुठवर नुसते सापच मारत बसायचं?"

"आणि घर पेटवलं, तर त्या घरातली बाकीची माणसं?"

"तो प्रश्न मला रोज पडतो," उपसचिव म्हणाले. "साप पाळणाऱ्याला तो पडतो का, एवढंच कुणीतरी मला सांगा." मग उठताना, जरा संकोचून, "तुमच्या बहिणीचं कळलं मला. सांगायला उशीर झाला."

ते गेल्यावर बाई त्या वाक्याकडे बघत बसल्या. बोटांची टोकं गार पडली होती. ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याशी धरली. वाक्य खोटं असतं तर फार बरं झालं असतं. खोट्यावर सही करायची नाही, हे सोपं असतं. माणूस छाती पुढे काढून घरी जातो. पण ते वाक्य खरं होतं. रखवालदाराचं, फुटक्या खोक्यांचं त्या बोलल्या ते नुसतं बोलायचं म्हणून. असा माल संमतीशिवाय बाहेर पडत नाही, हे या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण बत्तीस वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांच्या असताना, तो त्यांनी स्वतः बाहेर सोडला होता. त्या तेव्हा इकडच्याच सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला होत्या. साहेब फार मायाळू माणूस, स्वतःच्या डब्यातलं अर्धं दुसऱ्याला देणारे. एके दुपारी त्यांनी चार खोकी खोलीत आणवली, दार लोटलं आणि बाईंपुढे दोन कानशी ठेवल्या. "मुली, या नळ्यांवरचे आकडे घालवायचे. अगदी हलक्या हाताने, नाहीतर उडशील." का, असं त्यांनी विचारलं तेव्हा साहेबांनी शिक्क्याचा कागद दाखवला. "सरकारची संमती आहे. डोंगरापलीकडची माणसं आहेत, त्यांच्यावर त्यांचंच सरकार फार जुलूम करतं. आपण फक्त हात देतोय." जुलूम खरोखरच होत होता, बाईंनी तो वर्तमानपत्रात वाचला होता, त्याबद्दल त्यांना तळमळ वाटायची. दोन दुपारी बसून त्यांनी दोनशे नळ्यांवरचे आकडे कानशीने घासले. खिडकीतून ऊन येत होतं. मध्ये चहा आला. साहेबांनी गाणंसुद्धा गुणगुणलं. आपण काहीतरी मोठं, चांगलं करतोय असं वाटून त्यांचा ऊर भरून आला होता. आता छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं ते त्या पापामुळे नव्हे, त्या वेळच्या आनंदामुळे.

नळ्या घासल्यावर सात महिन्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी आली होती. शेजारच्या देशात बसस्थानकावर स्फोट, चौतीस ठार. शेवटची ओळ अशी: वापरलेले साहित्य कुठले, ते कळू शकले नाही. बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग नखं कापायला बसल्या आणि मांस लागेपर्यंत कापत गेल्या. ते आपलंच होतं की नाही, त्यांना कधीच कळलं नाही. दोनशे नळ्या होत्या, आणि चौतिसांच्या त्या बातमीनंतर आणखीही बातम्या आल्या. नोकरी बदलून त्या या खात्यात आल्या. उडवणाऱ्यांकडून शोधणाऱ्यांकडे आलो, असं स्वतःला सांगितलं, आणि बत्तीस वर्षांत कुणालाही काही सांगितलं नाही. आता समोरचा कागद म्हणत होता, संमतीशिवाय बाहेर पडू शकत नाही. म्हणून युद्ध रास्त. म्हणजे तेव्हाही रास्त होतं. पलीकडच्या एखाद्या उपसचिवाने हेच वाक्य कुणाकडून सही करून घेतलं असतं, तर त्यांच्या विमानांनी पहिला तो कारखानाच गाठला असता आणि कानस हातात धरलेली एक मुलगी त्यात गेली असती. चूक झाली असती असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शेजारच्या खोलीत काहीतरी धाडकन वाजलं, तशा बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. नुसतं दार होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या घरी निघाल्या. बस समोर उभी होती. ती सोडून बावीस मिनिटं चालल्या. घरात धाकटी जेवणाच्या टेबलावर काळा कागद कापत बसली होती. खिडक्या झाकून घ्या असं रेडिओवर सांगितलं होतं, आणि स्फोटानंतर इकडेच राहायला आलेल्या धाकटीने ते काम अंगावर घेतलं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या हालचालीत काहीतरी जीव दिसत होता. मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि कानाने अधू, स्टुलावर उभे राहून कागद डकवत होते.

"भावोजी, तिरकं लावताय," धाकटी म्हणाली.

"काय? तिखट?"

"तिरकं, तिरकं."

"मग तसं सांग ना. स्वयंपाकाचं काय विचारतेस?"

बाई बहिणीसमोर बसल्या आणि कुठलीही प्रस्तावना न करता सगळं सांगत गेल्या. कागद, वाक्य, चार वाजेपर्यंतची मुदत. मग कारखाना, कानस, दोनशे नळ्या. आपला आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा त्यांना ऐकू येत होता. धाकटीची कात्री अर्ध्या कागदात थांबली.

"किती माणसं?" तिने विचारलं.

"त्या एका वेळी चौतीस. बाकी मला ठाऊक नाही."

"तिकिटं देणारा कुणी होता त्यांच्यात?"

"बसस्थानक होतं ते. असेल."

धाकटीने कात्री कागदातून बाहेर काढली. मग म्हणाली, "ताई, हे तू मला आज का सांगतेस? सही करायची नाही म्हणून, की करायची आहे म्हणून?"

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

"कशाची?"

"सही केली तर काय होईल त्याची. नाही केली आणि वर्षभराने पुन्हा कुठे धक्का उडाला, त्याची. आज मी बसमधून उतरून पळाले गं. एक पिशवी दिसली. बाकाला म्हातारी होती, लहान मुलगी होती. मी कुणाला काही सांगितलं नाही."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती, रागही नव्हता. अनोळखी बाईकडे बघावं तसं ते होतं. "तुझी भीती मला नको सांगूस. हे गेले त्या दिवशी माझी संपली. मला आता नुसता राग आहे. रेडिओवर युद्ध म्हणाले की मला भूक लागते. खरंच लागते, मी दोन घास जास्त जेवते." तिने कात्री पुन्हा चालवली. "तुला जे लिहायचं ते लिही. पण माझ्यासाठी म्हणून लिहू नकोस. आणि माझ्यासाठी म्हणून खोडूही नकोस. त्या चौतिसांच्या बायकांना तू विचारलं नव्हतंस, मलाही विचारू नकोस."

मास्तर स्टुलावरून उतरले. त्यांना काही ऐकू गेलं नसेल असं दोघींनी धरलं होतं; ते मघापासून बाईंच्या ओठांकडे बघत होते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते हात पुसत बाईंजवळ आले आणि म्हणाले, "झोपेत आकडे म्हणतेस तू. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. एकशे साठ, एकशे एकसष्ट. तेव्हा मला नीट ऐकू यायचं. वाटायचं, असे आकडे शाळेतल्या मास्तरणीने मोजावेत, ही का मोजते." मग "नळ्या होत्या होय," असं म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढले. त्यांची पाठ वळलेलीच राहिली. कागद लावताना या वेळी त्यांनी कडा दोनदा तपासली.

साडेतीनला बाई पुन्हा आपल्या टेबलाशी होत्या. उपसचिवांचं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं, एक शब्द न बदलता. त्याखाली लिहिलं, 'आधार', आणि लिहीत गेल्या. कारखान्याचं नाव, साल, महिना, खोक्यांची संख्या, साहेबांचा हुद्दा, शिक्क्याचा रंग, कानशीचा प्रकार. अक्षर जागच्या जागी पडत होतं. बत्तीस वर्षांची सवय. दुसऱ्या पानाच्या शेवटी सही केली. पहिल्या पानावर मुद्दाम केली नाही, ते पान सुटं वापरता येऊ नये म्हणून.

उपसचिवांनी उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि मध्येच खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर त्यांनी आधी दार बंद आहे का ते पाहिलं.

"हा आधार काढून टाका. वाक्य राहू द्या."

"आधार काढला तर ते माझं मत उरतं. मी मत देत नाही."

"मग वाक्यही काढा."

"खरं आहे ते. काढता येत नाही."

"बाई, हा कागद परिषदेपुढे गेला तर त्याचा काय अर्थ निघतो, कळतंय तुम्हाला?"

"त्यांना तेव्हा आपल्यावर चालून यायचा हक्क होता, असा."

"आणि ते आले नाहीत." उपसचिवांनी कपाळ चोळलं. हे ते स्वतःशीच बोलले असावेत. "का आले नाहीत?"

"त्यांच्याकडे कुणीतरी लिहिलं असेल, शक्यता नाकारता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्या माणसामुळे मी जिवंत आहे. तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"दहा-बारा वर्षांचा." त्यांनी दुसरं पान पुन्हा उलटलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "पण एक सांगा. ते चालून आले नाहीत म्हणून आपण माल पाठवायचं थांबवलं का?"

"नाही."

"पाहा. आपण थांबलो नाही. तेही थांबणार नाहीत. मग त्या भल्या माणसाने ते वाक्य लिहून काय साधलं? माझ्या धक्क्यावरच्या माणसांना मी काय सांगू?"

बाईंना सांगण्यासारखं काही सापडलं नाही. त्या प्रामाणिकपणे शोधत होत्या, पोती चाळत होत्या तशा. जे केलं ते आपण केलं हे कबूल करण्यापलीकडे त्यांच्याकडे काहीच नव्हतं, आणि तेवढ्याने कुणाचंही अंगण सुरक्षित होत नव्हतं. उपसचिवांनी दोन्ही पानं घडी करून आतल्या खिशात ठेवली. "हे मी कुणाला दाखवीन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. "मलाही भीती वाटते." जाताना त्यांनी दार इतकं हलकेच ओढून घेतलं की आवाजच आला नाही.

त्या संध्याकाळी परिषदेत काय झालं ते बाईंना कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली, त्यांनी टेबलाच्या खणांना मोहोर लावली आणि बाईंना पुढची सूचना येईपर्यंत घरीच थांबायला सांगितलं. सौजन्याने सांगितलं, खुर्चीवरची शाल आठवणीने हातात दिली. दहा दिवस रेडिओ नुसताच गुरगुरला. या दहा दिवसांत बाईंच्या मनात एक ओंगळ आशा वाढत गेली, की आपला कागद पोचला, कुणीतरी वाचला, कुणाचा तरी हात थबकला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती आशा पळायची आणि तिच्या जागी दुसरं भय यायचं, की आता आपल्याला न्यायला आले. दुधवाला यायचा. शेजारची बाई साखर मागायला यायची. अकराव्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं की तज्ज्ञांच्या निःसंशय अहवालानंतर आपल्या विमानांनी सीमा ओलांडली आहे. अहवालावर प्रयोगशाळेच्या संचालकांची सही होती. संचालक रंगांचे तज्ज्ञ. नळीला त्यांनी हातही लावलेला नव्हता. उपसचिवांची बदली झाल्याचं पुढे केव्हातरी कळलं.

बातमी संपली तेव्हा धाकटी उभी राहिली, पाणी प्यायली आणि तिने शांतपणे भांडं पालथं घातलं. इतके दिवस तिला हवं होतं ते झालं होतं. दुपारी भोंगा वाजला. इमारतीतली माणसं खाली उतरू लागली. मास्तरांना भोंगा ऐकू आला नव्हता. बाईंनी खुणेने सांगितलं तेव्हा ते चष्मा शोधायला आत वळले. धाकटी पहिल्या मजल्याच्या वळणावर अचानक पायरीवर बसली. तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"ताई, माझी संपली होती ना गं," ती म्हणाली.

"हो."

"मग हे काय आहे?"

बाई तिच्या शेजारी बसल्या. माणसं त्यांना वळसा घालून खाली जात होती. वरून मास्तरांची पावलं उतरत होती, एकेक पायरी चाचपडत. लांबून येणारी विमानांची घरघर बाईंना धाकटीच्या आधी ऐकू आली. अंतर किती, दिशा कुठली, जड की हलकं, सगळं त्यांच्या कानांनी आपणहून मांडायला घेतलं. त्यांनी धाकटीचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या दोन्ही कानांवर आपले तळवे घट्ट दाबून धरले. त्यांचे स्वतःचे कान उघडेच राहिले.